आगीची शीव

"आत्या, पैसे जमले. ऑक्टोबरात जातोय."

"कुठे?"

"रियुनियनला. ज्वालामुखी बघायला. जिवंत."

शीवच्या किल्ल्याच्या पायऱ्या चढताना पुतण्याने हे सांगितलं आणि मी तिथेच थांबले.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं कोळीवाड्यातून चालत इथे येतो. पायथ्याच्या नेहरू उद्यानात बाकावर जरा टेकतो, मग हळूहळू टेकडी चढतो. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तो बँकेत संगणकाचं काम करतो. त्या दिवशी वरच्या पडक्या भिंतीपाशी बसून आमचं जे सुरू झालं ते मिटायला तीन रविवार लागले. ते लिहून ठेवते आहे, कारण हा प्रश्न आमच्या घरापुरता राहिलेला नाही. धगधगतं काही बघायला माणसाने मुद्दाम जावं का, आणि जायचंच तर कसं जावं?

मी आधी वर्गातल्यासारखी उलटतपासणी घेतली.

"रियुनियन म्हणजे मॉरिशसच्या शेजारचं फ्रेंच बेट. तिथला ज्वालामुखी पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर. ते सगळं खरं. पण जपान आहे, इटली आहे. आपल्या अंदमानात बॅरन बेट आहे, १७८७ साली त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली आणि तो अजून अधूनमधून पेटतो. मग हाच का?"

"बॅरनवर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघावं लागतं. पण कारण ते नाही. आत्या, फुर्नेझ आपला आहे."

"आपला कसा?"

"तूच शिकवलंस की. महाराष्ट्राचा काळा दगड लाव्हारसापासून झाला. मी ते दोन गुणांसाठी पाठ केलं, गुण मिळाले, विसरून गेलो. नंतर वाचनात आलं की तो लाव्हा ज्या चुलीतून आला ती चूल अजून विझलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन तिच्यावर होती. मग आपण उत्तरेला सरकत आलो आणि चूल मागे राहिली."

त्याने रुमाल भिंतीवर पसरला आणि त्याखाली बोट धरून रुमाल ओढून दाखवला. बोट जागच्या जागी, वरचं कापड पुढे चाललेलं. भूशास्त्रात याला तप्तबिंदू म्हणतात. पृथ्वीच्या पोटातून एका जागी उष्णता वर येत राहते, वरचं भूपट्ट सरकत राहतं, आणि भाजल्याचे डाग ओळीने उठत जातात. दख्खन हा पहिला मोठा डाग. त्यानंतर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांच्या तळाशी असलेली समुद्रातली डोंगररांग, मग मॉरिशस, आणि आज रियुनियन. बहुतेक भूशास्त्रज्ञ हा माग मान्य करतात. मुंबईपासून रियुनियन आज सुमारे ४,८०० किलोमीटरवर आहे.

"मॉरिशसचं मला विचार," मी म्हटलं. "एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली माणसं गिरमिटावर मुंबई बंदरातून तिकडे गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि घरी गणपती बसवतात. महाशिवरात्रीला तिथले हिंदू चालत ज्या गंगातलावावर जातात, तो तलाव विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेला आहे. म्हणजे ती माणसं काळ्या दगडावरून उठली आणि त्याच चुलीतून निघालेल्या दुसऱ्या काळ्या दगडावर ऊस तोडायला उतरली."

"मग? हे सगळं ठाऊक असून तू मला नको म्हणतेस?"

"हो, नकोच म्हणते."

माझं कारण मला लगेच सांगता आलं नाही. आधी मी त्याला भीतीच घातली. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ माणसं होती, सहलीला आलेली आणि त्यांना आणणारी. तीनच आठवड्यांपूर्वी तिथला धोक्याचा स्तर वाढवलेला होता, तरी सहली चालू राहिल्या. दुपारी वाफ आणि राख उसळली आणि त्यातली २२ माणसं गेली. हवाईत २०१८ साली किलाउएया पेटला, लाव्हा वस्तीत शिरला आणि ७०० हून जास्त घरं गिळली. त्याच उद्रेकात समुद्रात पडणारा लाव्हा बघायला गेलेल्या बोटीवर तापलेला दगड येऊन आदळला, २३ जण जखमी झाले.

"फुर्नेझ व्हाकारीसारखा नाही," तो शांतपणे म्हणाला. "व्हाकारीत पाणी आणि वाफ कोंडून फुटली. फुर्नेझचा लाव्हा आपल्यासारखा बसाल्ट, पातळ, बहुतेक वेळा भेगेतून वर येऊन उतारावरून वाहतो. बराचसा उद्रेक एका मोठ्या कड्यांच्या वेढ्याच्या आत होतो आणि तिथे वस्ती नाही. डोंगराला वेधशाळा आहे. १९७७ साली लाव्हा वेढ्याबाहेर गावात उतरला, त्यानंतर ती उभारली. जमीन किती फुगली, किती थरथरली, रोज मोजतात."

"आणि लोकांची घरं?"

"१९७७ साली सेंट रोज भागात घरं गेली. चर्चच्या दारापर्यंत लाव्हा आला, दोन्ही बाजूंनी वळला आणि पुढे गेला. ते चर्च अजून आहे, त्याला लाव्हाच्या मातेचं नाव दिलंय. दाराला टेकून काळा दगड तसाच ठेवलाय."

तेव्हा मला माझं खरं कारण सापडलं.

"तू लहान होतास तेव्हा आपल्या पलीकडच्या झोपड्यांना आग लागली होती," मी सांगितलं. "रात्रीचे दोन वाजले असतील. आम्ही बादल्या घेऊन धावलो. गल्लीच्या तोंडाशी इतकी गर्दी होती की बादली आत जाईना. कुठकुठून माणसं आली होती, नुसती बघायला. पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होती. मी एकाला हात धरून बाजूला ओढलं तर तो म्हणाला, बाई, ढकलू नका, दिसत नाही. ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईच्या घराच्या राखेत एकच वस्तू धड उरली होती, काळ्या दगडाचा पाटा. तिने तो नळाखाली धुतला, उभा करून ठेवला आणि मग त्याच्याशेजारी बसून रडली. आग बघायला जाणाऱ्यांची मला चीड आहे ती तेव्हापासून. आग ही बघायची गोष्ट नाही. ज्याच्या घरची असते त्याच्यासाठी तर मुळीच नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. खाली महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "त्या आगीत आणि या आगीत फरक आहे, आत्या. ती कुणाच्या तरी हलगर्जीपणाने लागली होती, विझवायला हवी होती. ही विझवायची नाही. ही नसती तर आपण उभे आहोत ती जमीनच नसती."

पहिला रविवार इथे संपला. उतरताना मी एक प्रश्न मात्र टाकला. "फुर्नेझ कधी वर्षात दोन-तीनदा पेटतो आणि कधी वर्षभर गप्प असतो. तू पोचलास आणि तो गप्प असला तर?"

"तर गार झालेल्या लाव्हावरून चालेन. तेही चालेल."

"गार लाव्हावर चालायला ४,८०० किलोमीटर? राष्ट्रीय उद्यानातला ज्वालामुखीच हवा ना? बोरिवलीला आहे. रविवारी चल."

दुसऱ्या रविवारी आम्ही कान्हेरीला गेलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सगळी मुंबई कधी ना कधी जाते, बिबट्यासाठी, पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी, लेण्यांसाठी. आपण ज्वालामुखीत शिरतो आहोत असं मात्र कुणी म्हणत नाही. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास भिक्षूंनी तो कोरायला घेतला आणि शंभराहून जास्त लेणी होईपर्यंत हजारभर वर्षं काम चालू राहिलं.

मी त्याला मूर्ती दाखवल्या नाहीत. एका लहान लेण्यात, जिथे भिंत गुळगुळीत केलेली नाही, तिथे उभं केलं आणि मोबाइलचा उजेड तिरका धरायला सांगितलं. सरळ उजेडात ती भिंत नुसती करडी दिसते. तिरक्या उजेडात दिसलं की तो एकसंध दगड नाहीच. बोराएवढे, मुठीएवढे, कुठे डोक्याएवढे कोनेदार तुकडे, काही काळे, काही हिरवट, काही विटकरी, एकमेकांत रुतून बसलेले. कुणी फोडलेली खडी राखेत कालवून थापावी तसे. तुकड्यांच्या कडा अजून धारदार होत्या. नदीने वाहून आणलेले असते तर घासून गोल झाले असते.

"हा ज्वालामुखी कोणाश्म," मी सांगितलं. "शांतपणे वाहिलेला लाव्हा असा दिसत नाही. इथे दगड फुटून उडाला, जवळच पडला आणि राखेसकट घट्ट झाला. जोगेश्वरी, मंडपेश्वर इथली लेणीही अशाच दगडात आहेत. तू ज्या स्फोटाच्या शोधात निघालायस त्याच्या आत आपण उभे आहोत."

त्याने एका काळ्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आणि मुख कुठे होतं?"

"मुलं हेच विचारायची. लोणार दाखवायची. लोणार बसाल्टातच आहे, पण ते उल्केने पाडलेलं विवर. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला, शंकूच्या डोंगरातून नव्हे. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची अशीच भेग उघडली. आठ महिने पेटत होती. विषारी वायूंनी गवत गेलं, गुरं गेली, मग दुष्काळ पडला आणि देशातला दर पाचांतला एक माणूस मेला. आपला लाव्हा त्याच्या हजारो पटींनी जास्त होता. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे आणि घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. तेव्हा इथे बघायला कुणी आलं असतं तर परत गेलं नसतं."

"पण दोन उद्रेकांच्या मध्ये जगणारे होते," तो म्हणाला. त्याने आठवड्यात वाचन केलं होतं. "वरळीचा बेडूक."

मला आनंद झाला, तो लपवला नाही. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा थर सापडला होता आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. लाव्हा थांबला की माती व्हायची, तळी साचायची, बेडूक यायचे. मग पुन्हा लाव्हा. घाटातून जाताना काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो तो अशाच मधल्या विश्रांतीचा, जमीन तयार झाली आणि वरून पुन्हा भाजली गेली.

"हे सगळं इथे आहे," मी म्हटलं. "अंधेरीचा गिल्बर्ट हिल आहे, ६० मीटर उंच उभ्या खांबांचा कडा. आज तो इमारतींच्या मागे शोधावा लागतो. या शहराने स्वतःच्या टेकड्या फोडल्या आणि त्यांचा दगड समुद्रात लोटून भरणी केली. तिकडे ज्वालामुखी समुद्रात जमीन वाढवतो. आपण ज्वालामुखीच फोडून समुद्रात जमीन वाढवली आणि कशावर उभे आहोत ते विसरलो. माझा राग तू जातोस यावर नाही रे. हे न बघता जातोस यावर आहे."

लेण्याच्या ओट्यावर बसून त्याने डबा उघडला. सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. थोड्या वेळाने म्हणाला, "तू मला आज वाचायला शिकवलंस. हा दगड म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेलं पत्र आहे. पण पत्र वाचता यायला लागल्यावर ज्याने लिहिलं त्याला भेटावंसं वाटणारच ना? इथे येऊन माझी इच्छा कमी नाही झाली, वाढली. ती धारदार कड कशी तयार होते ते मला बघायचंय. उतारावरून लाव्हा येतो, वरची साय काळी पडते, आतून लाल वाहतच राहतो, असं वर्णन तू वर्गात करायचीस. तू ते कधी पाहिलंस?"

"नाही."

"मग तू ते इतकं चांगलं सांगायचीस कशावरून?"

"पुस्तकावरून. आणि तव्यावरून."

"मला डोळ्यांनी बघून सांगायचंय. पुढे मुलांना."

मला उत्तर सुचलं नाही. एकतीस वर्षं मी मुलांना अकराशे अंश तापमानाचा प्रवाह हाताने हवेत काढून दाखवला होता. ज्या गोष्टीवर माझं पोट चाललं ती मी पाहिलेली नव्हती, आणि कुणी पाहू नये असं म्हणत होते.

तिसऱ्या रविवारी पाऊस होता म्हणून किल्ल्यावर गेलो नाही. घरीच बसलो. मी पाट्यावर आलं-लसूण-मिरची वाटत होते, तो दारात बसला होता.

"फाटकाचं सांग," मी म्हटलं. "कड्याच्या वेढ्यात उतरायला फाटक आहे म्हणालास."

त्याने सांगितलं. पा द बेलकोंब नावाच्या जागेपर्यंत रस्ता जातो. तिथे कडा संपतो आणि खाली काळ्या लाव्हाचं मोकळं रान दिसतं. पायऱ्यांची वाट खाली उतरते. पुढे धुक्यात चुकू नये म्हणून दगडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत, एका खुणेवरून दुसरीकडे जायचं. वेधशाळेने इशारा दिला की फाटक बंद. मग उद्रेक लांबून, वेढ्याच्या कडेवरून किंवा खालच्या रस्त्यावरून बघायचा. तिथलीच माणसं मुलाबाळांना घेऊन रात्री येतात. २००७ साली शिखरावरच्या मुखाचा तळ काही दिवसांत ३०० मीटरहून जास्त खचला आणि लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात गेला. त्याच साली बेटाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान झाला. लाव्हाच्या वाटेवर छत्री धरलेली मेरीची मूर्ती आहे, लाव्हा आला की लोक तिला हलवतात.

"देवीला हलवतात," मी म्हटलं. "तिच्या भरवशावर पोरांना पुढे नाही करत. शहाणी माणसं आहेत. आणि फाटक बंद असलं तर तू काय करशील?"

"परत फिरेन."

"एवढे पैसे खर्चून?"

"हो."

मी वाटणं थांबवलं. मला माझे वडील आठवले. आज कोळीवाड्याला खाडी शोधावी लागते, भरणीने ती लांब गेली. त्यांच्या लहानपणी तशी नव्हती. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक, पण ऐन हंगामातही ते कधीकधी पाण्यापर्यंत जायचे, वारा बघायचे आणि जाळं खांद्यावर टाकून परत यायचे. आजी विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, आज नाही म्हणते. दर्या नाही म्हणाला की त्यांना कमीपणा वाटत नसे. त्यांचं दर्यावर प्रेम होतं, आणि तो आपल्यासाठी नाही हेही त्यांना माहीत होतं.

"आपल्या गावाचं नाव काय?" मी विचारलं.

"शीव."

"म्हणजे?"

"हद्द. इथे इंग्रजांचं बेट संपायचं आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. म्हणून १६६९ ते १६७७ मध्ये टेकडीवर किल्ला बांधला."

"बरोबर. शिवेवर राहणाऱ्याला पलीकडचं बघायची ओढ असते आणि कुठे थांबायचं हेही कळलेलं असतं. बादली अडवणाऱ्या त्या माणसाला शीव कळली नव्हती. व्हाकारीच्या सहली चालवणाऱ्यांनाही नाही. तुला ती कळलेली असेल तर तू आग बघणाऱ्यांच्या गर्दीतला नाहीस. जा तू."

तो उठून आत आला आणि पाट्यासमोर मांडी घालून बसला. "तुझी एक गोष्ट मी अजून मान्य करत नाही," म्हणाला. "पेटलेलं बघण्यात नुसती हौस नसते. माणूस तिथे लहान होतो. ते त्याला हवं असतं."

"असेल. मी माझंही सगळं सोडलेलं नाही. चर्चच्या दारात आधी उभा राहा, डोंगरावर नंतर जा. कुणाचं काय गेलं ते आधी बघ. आणि परत आलास की आपल्या गल्लीतल्या पोरांना घेऊन कान्हेरीला जायचं, तिरका उजेड धरून दाखवायचं. ते तुझ्याकडे लागलं."

"कबूल. तुझ्यासाठी काय आणू?"

"दगड आणू नकोस. उद्यानातून काही उचलायचं नसतं." मी वाटण काढून घेतलं, पाट्यावर पाणी ओतलं आणि त्याचा हात धरून ओल्या पाट्यावर ठेवला. आठच दिवसांपूर्वी टाकीवाली येऊन गेली होती. नव्या टाकीचे ठिपके बोटांना खरखर लागत होते.

"हे लक्षात ठेव," मी म्हटलं. "तिकडच्या लाव्हावर असाच तळवा ठेव आणि मला येऊन सांग, आपल्या पाट्यासारखा लागतो का."

त्याने हात तसाच ठेवला. मिरचीने बोटं चुरचुरायला लागली तरी बराच वेळ उचलला नाही.